मास्तरांचा उजवा पाय

देवाने माणसाला पाय दिले ते चालण्यासाठी, दमल्यावर पसरण्यासाठी, आणि त्याच्या दारी गेल्यावर गुडघे टेकण्यासाठी. पण मास्तरांच्या उजव्या पायाला त्याने आणखी एक चाकरी लावून दिली होती. दुसरा माणूस गाडी चालवत असताना ब्रेक दाबायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. त्यांची गाडी पिवळी, बुटकी, छपरावर 'शिकाऊ' अशी तिकोनी पाटी मिरवणारी. शिकणाऱ्याच्या पायाशी क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर असा सगळा संसार, आणि शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी एकुलता एक ब्रेक. दोन्ही ब्रेक खालून एका लोखंडी दांडीने बांधलेले. मास्तरांनी इकडचा दाबला की तिकडचाही आपोआप खाली जायचा. या दांडीच्या भरवशावर मास्तरांनी गावातले डॉक्टर, खाटीक आणि एक न्यायाधीश असे सगळे रस्त्यावर आणले होते, आणि गावातलं एकही कुत्रं दगावलं नव्हतं.

राहिलं होतं ते एकच माणूस, आणि ते घरचं.

मास्तरीणबाई लायसनच्या परीक्षेला चार वेळा बसल्या होत्या आणि चारही वेळा नापास झाल्या होत्या. परीक्षा परिवहन कचेरीच्या आवारात, कचेरीच्याच गाडीवर व्हायची. बाईंचं सगळं कसं सुरेख. आरसा बघणं सुरेख, गिअर टाकणं सुरेख, वळण तर असं घ्यायच्या की परीक्षक साहेबांनी मान डोलवावी. फक्त शेवटी उतारावर थांबायचं असे, तिथे घात व्हायचा. पहिल्या खेपेला कचेरीचा फुलांचा वाफा गेला. दुसऱ्या खेपेला कुंपण. तिसऱ्या खेपेला परीक्षक साहेबांची स्वतःची मोटरसायकल. चौथ्या खेपेला 'येथे थांबा' हीच पाटी आडवी झाली.

"त्यांच्या गाडीचा ब्रेक घट्ट आहे हो," बाई दर वेळी रडवेल्या होऊन सांगायच्या. "दगडावर पाय ठेवल्यासारखं वाटतं. आपल्या गाडीचा कसा लोण्यासारखा खाली जातो!"

मास्तरांचा बायकोवर इतका विश्वास की ते दर वेळी कचेरीत जाऊन भांडून येत. शेवटी साहेबांनी वैतागून मेकॅनिकला गाडीखाली घातलं. तो तासभर खाली आडवा पडून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ब्रेकला काय धाड भरलीय? माझ्या तब्येतीपेक्षा चांगला आहे." मास्तर तरी हटले नाहीत. "माझी बायको खोटं बोलत नाही," असं सर्वांसमक्ष सांगून ते ताठ मानेने घरी आले.

आता सोमवारी पाचवी खेप होती. ही गेली तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नव्हता, आणि वर्षभर थांबायला बाईंपाशी सवड नव्हती. त्या वाचनालयात कामाला होत्या. फाटलेल्या पुस्तकांच्या पाठी चिकटवायच्या, शिक्के मारायच्या, आणि खिडकीतून फिरत्या वाचनालयाची मोठी निळी गाडी बाहेर पडताना बघत राहायच्या. ज्यांना घर सोडून येता येत नाही अशांच्या दारात पुस्तकं नेणारी ती गाडी. देवाचं काम यापेक्षा वेगळं असतं तरी काय, असं बाईंना वाटायचं. ती गाडी हाकणारे काका या महिन्यात निवृत्त होत होते. "लायसन आण, गाडी तुझी," मोठ्या ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या. "नाही आणलंस तर मला बाहेरून माणूस घ्यावा लागेल. मग तू आणि तुझी खळ."

त्यात शुक्रवारी नणंदेचा फोन आला. नणंद म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. जिभेला हाड नाही, पण पोटात माया.

"काय गं वहिनी, सोमवारी मीही येते बघायला. मागच्या वेळी फार करमणूक झाली. या वेळी काय पाडणारेस? नाही, म्हणजे मी लांब उभी राहते."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. त्या घड्या बघूनच मास्तर काय ते समजले. रागावल्या की त्यांच्या घड्या फार नीट व्हायच्या.

"अगं, आपण असं करू," मास्तर म्हणाले. "दोन दिवस कुठे तरी जाऊ. ते नदीकाठचं जुनं गाव आहे ना, दगडी पुलाचं? लग्नापासून जायचं म्हणतोय. जाताना तू चालव, येताना तू चालव. सोमवारपर्यंत तुझा हात असा बसेल की साहेबच तुझ्याकडे शिकायला येईल."

बाईंनी घडी खाली ठेवली. "एका अटीवर. तुम्ही ब्रेकला पाय लावायचा नाही. सोमवारी तुम्ही नसणार शेजारी."

"नाही लावणार."

"शपथ घ्या."

"देवाशप्पथ!"

आता बघा, शपथ घेतली तोंडाने. पायाला कुणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी गाडी निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची सायकल आडवी आली. मास्तरांच्या मनात काही यायच्या आत त्यांचा पाय ब्रेकवर जाऊन बसला होता. गाडी अलगद थांबली. मास्तरांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बायकोकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर नुसती पहाट उगवली होती.

"बघितलंत? कशी थांबवली!"

तिथेच मास्तरांनी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण बायकोचा असा चेहरा त्यांनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. ते म्हणाले, "वा!"

आणि मग तो 'वा' त्यांना गावापर्यंत निस्तरावा लागला. वळण आलं, पाय गेला. गुरांचा कळप आला, पाय गेला. मास्तर मनातल्या मनात देवाची क्षमा मागत आणि पायाला दम देत, पण पाय काही ऐकेना. इतक्या वर्षांची चाकरी ती! मृदंग वाजवणाऱ्याची बोटं झोपेतही उशीवर ठेका धरतात, तशातली गत. बरं, दाबायचं तेही चोरून. गुडघा हलू द्यायचा नाही, खांदा हलू द्यायचा नाही, चेहऱ्यावर निसर्ग बघत असल्याचा भाव ठेवायचा. वाटेत एक ट्रकवाला बरोबरीने आला. तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी निघाला. खिडकीतून वाकून नमस्कार करत ओरडला, "मास्तर, नवीन बाई झकास चालवतायत हो! कोण आहेत?"

"माझी बायको!"

ट्रकवाल्याने तिथल्या तिथे वेग कमी केला आणि खूप मागे पडला. मास्तरीणबाईंची कीर्ती हायवेपर्यंत पोचली होती.

दुपारच्या आत नदी दिसली. मोठं वळण घेऊन वाहणारं रुंद, संथ पाणी. त्यावर जुना दगडी पूल, अशा कमानींचा की जणू कुणी तरी पाण्यावर अर्धी बांगडी ठेवत ठेवत पैलतीरी गेलंय. अलीकडे चिंचोळ्या गल्ल्यांचं गाव, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली दगडी घरं, आणि त्यांच्या डोक्यावर एक उंच मनोरा. लॉजवाल्या मावशी दारातच उभ्या होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि नजर छपरावरच्या पाटीवर.

"दोघांतलं शिकतंय कोण?"

"मी शिकतेय. हे शिकवतात," बाई उत्साहाने म्हणाल्या.

"मग दमलेले हे कसे काय?" मावशींनी लंगडत उतरणाऱ्या मास्तरांकडे पाहून विचारलं.

मास्तरांच्या पोटरीत गोळा आला होता. खोलीचं दार बुटकं, तिथे कपाळ आपटलं. आत गेल्यावर ते पलंगावर आडवे झाले आणि बाई तेल घेऊन त्यांचा पाय चोळायला बसल्या.

"इतका कसा हो दुखतो? काही न करता नुसते बसून तर होतात."

मास्तर छताकडे बघत राहिले. छताच्या जुन्या तुळया त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आणि तोही उजवाच," बाई चोळता चोळता म्हणाल्या. आवाजात किंचित संशय.

"डावाही दुखतोय," मास्तर घाईने म्हणाले. मग बाईंनी तोही चोळला. मास्तरांना अगदी कानकोंडं होऊन गेलं.

उन्हं कलल्यावर दोघं गाडी घेऊन नदीकडे निघाले. गावातली शेवटची गल्ली तीव्र उताराची, फरसबंद, आणि सरळ पाण्यात उतरणारी. तिच्या टोकाला तराफा लागला होता. तराफा म्हणजे रुंद, सपाट बोट. माणसं, गाड्या, सामान सगळं पोटात घेऊन पैलतीरी जाणारी. तिच्या सुटण्याची वेळ झाली होती. एका गाडीपुरती जागा रिकामी होती, आणि तिच्यापुढे एका गादीवाल्याने नव्या कोऱ्या गाद्यांची उतरंड रचली होती. नावाडी फळीवर उभा राहून आणखी कुणी येतंय का ते बघत होता.

आपल्या मास्तरांना काही कुठे जायचं नव्हतं. त्यांना फक्त पूल बघायचा होता. उताराच्या मध्यावर बाई म्हणाल्या, "थांबवते हं इथे. इथून कमानी छान दिसतायत." गाडी थांबली. मास्तरांच्या शिस्तीप्रमाणे बाईंनी गिअर काढून न्यूट्रल केला, इंजिन बंद केलं, आणि हँडब्रेककडे हात नेता नेता त्यांची नजर खाली गेली.

"अहो, तुमचा पाय कुठाय?"

"कुठे म्हणजे? पायाच्या जागी."

"ब्रेकवर आहे ना?"

"छे छे! काय तरीच!" मास्तर म्हणाले, आणि आपण किती निर्दोष आहोत ते दाखवायला त्यांनी दोन्ही पाय उचलून सीटवर चक्क मांडी घातली. ध्यानाला बसल्यासारखी. वर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "हे बघ."

बाईंनी बघितलं. ओशाळल्या. "उगाच संशय घेतला हो तुमच्यावर," त्या म्हणाल्या आणि हँडब्रेककडे निघालेला हात त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेवला.

मोठा गोड क्षण होता. गायक ताल सोडून नुसता सूर धरून उभा राहतो आणि सगळी सभा श्वास रोखते, तसा. आणि त्या शांततेत उजवीकडचं घर हळूच वर सरकलं.

"घर का चाललंय?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी पाहिलं. घर जागच्या जागी होतं.

"अगं, ब्रेक!"

"तुम्ही धरलाय ना?"

"मी कुठला धरतोय, मी मांडी घातलीय! तू धरलायस ना?"

"मला वाटलं गाडी थांबलीय!"

"ती थांबत नसते, तिला थांबवावं लागतं! दाब! दाब!"

बाईंनी जिवाच्या आकांताने दाबला. तो क्लच होता. मास्तरांनी मांडी सोडायचा प्रयत्न केला, तर गुडघा वर डॅशबोर्डात अडकला आणि चोळलेल्या पोटरीत पुन्हा गोळा आला. गाडी काही वेगात नव्हती. लग्नमंडपात नवरी येते तशी बेताबेताने, इकडे तिकडे न बघता ती नदीकडे चालली होती. खाली नावाड्याने पाहिलं. आयत्या वेळी आलेलं गिऱ्हाईक बघून त्याची कळी खुलली.

"येऊ द्या! येऊ द्या!" तो दोन्ही हात हलवत ओरडला. "सरळ! अगदी सरळ! वा!"

"बाजूला व्हा!" मास्तर मांडीतून ओरडले.

"काही काळजी नको, भरपूर जागा आहे!"

गाडी फळीवर चढली, धडधडत तराफ्यावर आली आणि गाद्यांच्या उतरंडीत नाक खुपसून थांबली. आवाज झाला तो फक्त 'फुस्स' असा. वरच्या दोन गाद्या सावकाश घसरून टपावर आल्या आणि 'शिकाऊ'ची पाटी झाकली गेली. नावाड्याने साखळी लावली, भोंगा वाजवला, आणि तराफा सुटला.

नावाडी खिडकीशी आला. त्याच्या डोळ्यांत आदर होता.

"इतकी वर्षं हे काम करतोय, बाई," तो म्हणाला, "पण इंजिन बंद ठेवून इतकी अलगद गाडी कुणी चढवली नाही. तेल वाचवता वाटतं?"

बाईंचा पाय अजून क्लचवरच होता. तेवढ्यात गादीवाला धावत आला. त्याने प्रत्येक गादी दाबून, उलटून, वास घेऊन पाहिली. सगळ्या धडधाकट होत्या. मग त्याचाही चेहरा खुलला. "गिऱ्हाइकाला आता सांगतोच. माझी गादी नुसती झोपवत नाही, गाडी थांबवते!"

काठ दूर जात होता. मास्तरांचा गुडघा अखेर सुटला आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "अगं, तू ब्रेक का नाही दाबलास?"

"शोधत होते."

"शोधत होतीस? क्लचशेजारीच तर असतो!"

"कुठे असतो ते माहितेय हो मला!" बाई चिडल्या. "पण तो खालीच गेला नाही. नेहमी पाय टेकवला की जातो. आज टेकवला तर दगडासारखा. मला वाटलं हा नव्हेच. म्हणून दुसरा दाबला."

मास्तर सीटवर वळून बसले.

"पुन्हा सांग."

"काय पुन्हा सांग? आपला ब्रेक लोण्यासारखा आहे ना? मी पाय नुसता वर ठेवते, तो आपला आपण खाली जातो, गाडी थांबते. त्या कचेरीच्या गाडीचा..."

बाई थांबल्या. दोघांची नजर एकदमच खाली गेली. इकडचा ब्रेक, तिकडचा ब्रेक, आणि मध्ये सीटखालून जाणारी ती लोखंडी दांडी. मास्तरांनी उजवा पाय उचलून हळूच आपला ब्रेक दाबला. बाईंच्या पायाखालचा ब्रेक लोण्यासारखा खाली गेला.

"म्हणजे मी..." बाई म्हणाल्या.

"म्हणजे तू आजवर एकदाही ब्रेक दाबलेला नाहीस," मास्तर म्हणाले. "प्रत्येक वेळी मीच दाबलाय. आज सकाळपासूनसुद्धा. शपथ घेऊनसुद्धा. चार वेळा तू नाही गं नापास झालीस. माझा पाय झाला."

नावाडी सुकाणू धरून, गादीवाला गादीवर बसून, दोघंही कान देऊन ऐकत होते. बाईंनी एकदा पतीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मास्तरांना वाटलं आता या घड्या घालायला लागणार.

"अहो," बाई म्हणाल्या, "त्या गरीब मेकॅनिकला तुम्ही तासभर गाडीखाली घातलंत!"

"तू म्हणालीस म्हणून!"

"मी म्हणाले, पण तुम्ही ऐकलंत कशाला? साहेबांची मोटरसायकल! त्यांनी नवीन घेतली होती हो!" आणि बाईंना जे हसू फुटलं ते आवरेचना. हसता हसता डोळे भरले, पदराने पुसले, पुन्हा हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "हसतेय काय मी? परवा परीक्षा आहे. मला ब्रेक दाबता येत नाही आणि हे मला आज, नदीच्या मधोमध कळतंय. ती निळी गाडी गेली हो माझ्या हातची!"

मास्तरांनी वर पाहिलं. त्यांनी नदीला, आकाशाला आणि ते घडवणाऱ्याला मनोमन हात जोडले.

"मला विचाराल तर," गादीवाला म्हणाला, जरी त्याला कुणी विचारलं नव्हतं, "मास्तरांना मागे बसवा."

"मागे?"

"मागे ब्रेक आहे का?"

नव्हता. वर्षानुवर्षं धंदा करून हे मास्तरांना सुचलं नव्हतं. कारण मागच्या सीटवर ते आजवर बसलेच नव्हते.

पैलतीरी मोठं मोकळं कुरण होतं. माणूस नाही, भिंत नाही, दूरवर चार झाडं. मास्तर मागे बसले. बाईंनी गाडी सुरू केली, थोडी पुढे नेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायाने ब्रेक दाबला. 'दगडासारखा लागतो' हे डोक्यात बसलेलं, म्हणून दगड फोडायच्या ताकदीने दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मास्तर राहिले नाहीत. ते दोन सीटच्या मधून पुढे आले आणि त्यांचा चष्मा काचेवर जाऊन बसला.

"थांबली!" बाई किंचाळल्या.

"समजलं," मास्तर गिअरवर हनुवटी ठेवून म्हणाले. "आता थोडी हलक्या पायाने."

दुसऱ्या खेपेला त्यांचं नाक सीटवर आपटलं. तिसऱ्या खेपेला गादीवाल्यालाच बघवेना. तो आपल्या गाडीची वाट बघत कुरणाच्या कडेला गाद्यांवर बसला होता. उठून आला, एक गादी उचलली, मास्तरांना तिच्यात गुंडाळलं, वर सुतळी बांधली आणि मागच्या सीटवर कोंबलं. बाहेर राहिलं ते फक्त तोंड.

"माल खराब होईल तुमचा," मास्तर आतून म्हणाले.

"जाहिरात आहे ही," गादीवाला म्हणाला. "चालवा, बाई!"

मग बाईंनी ते कुरण नुसतं पालथं घातलं. थोडं पुढे, थांब. थोडं पुढे, थांब. पहिल्यांदा गादी धाडकन पुढे यायची, मग नुसती आदळायची, मग डुलायची. गादीच्या आत मास्तरांचा पाय प्रत्येक वेळी खाली जात होता. पण आता त्याच्याखाली कापूस होता. बिचारा दाबून दाबून थकला. बाई मात्र आता बोलायच्याही थांबल्या होत्या. जीभ दातात धरून, नजर समोर ठेवून, त्या एकेका झाडापाशी जाऊन त्याच्याशी ओळख करून घेतल्यासारख्या थांबत होत्या.

ऊन उतरायला लागलं. गादी लॉजवर ठेवा, मी नंतर नेईन, असं सांगून गादीवाला गेला. तराफा आता थेट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होता. गावात परतायचं तर एकच वाट, तो दगडी पूल. अरुंद, एका वेळी एकाच गाडीचा, मध्ये उंच होऊन पलीकडे उतरणारा. दोन्ही अंगांना गुडघ्याएवढा कठडा, खाली नदी.

पुलाच्या तोंडाशी बाईंनी गाडी उभी केली. "अहो, तुम्ही येता का पुढे? फक्त पुलापुरते?"

मास्तरांनी फार विचार केला. खरं सांगायचं तर पुढे जायला त्यांचा जीव तडफडत होता. नदी खोल होती, कठडा बुटका होता, आणि बायको एकच होती.

"मला सुटता यायचं नाही," ते म्हणाले. "गाठ पक्की बसलीय."

गाठ कशी होती हे देवालाच माहीत. त्यांनी ती तपासूनही पाहिली नव्हती.

गाडी पुलावर चढली. मास्तर डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. चढ संपला, गाडी मधल्या उंचवट्यावरून पलीकडे कलली. आता उतार. तेच ते परीक्षेचं ठिकाण. मास्तरांनी डोळे आणखी घट्ट मिटले. नाव घेता घेता नाव कोणाचं घेतोय हेही त्यांना उमगेना.

बऱ्याच वेळाने त्यांच्या कानावर आवाज आला. "मंडळी, डावीकडे जुना जकातनाका. समोर, हां, समोर एक पिवळी गाडी."

मास्तरांनी डोळे उघडले. उताराच्या मधोमध गाडी उभी होती. पुढे प्रवाशांचा घोळका, हातात छत्री उंच धरलेला वाटाड्या, आणि सगळे पुलाचे फोटो काढत होते.

"का गं, थांबलीस केव्हा?"

"मघाशीच," बाई म्हणाल्या. "लोक आडवे आले ना. तुम्हाला कळलं नाही?"

मास्तरांना कळलं नव्हतं. गादी हलली नव्हती, चष्मा हलला नव्हता. सकाळी मास्तर थांबवत होते त्याहीपेक्षा मऊ गाडी थांबली होती. त्यांनी खिडकीतून पाहिलं. घर, नदी, कठडा, काहीही सरकत नव्हतं.

"काका, तुम्हाला बांधलंय का?" वाटाड्याने काचेतून डोकावत काळजीने विचारलं. "काही मदत हवीय?"

"नको, नको," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि हात आत अडकल्यामुळे पुसता येत नव्हते. "फार बरं चाललंय माझं."

वाटाड्या घोळक्याला घेऊन घाईघाईने कडेला झाला. लॉजच्या दारात मावशींनी गाडी पाहिली, पुढे बसलेल्या बाई पाहिल्या, मागे सुतळीने बांधलेला गादीचा गुंडाळा पाहिला आणि त्यातून नमस्कार म्हणणारं तोंड पाहिलं.

"खोलीत गादी आहे हो," त्या एवढंच म्हणाल्या.

रविवारी बाईंनी सकाळभर गल्ल्यांतून गाडी फिरवली आणि परतीचा सगळा रस्ता एकटीने हाकला. मास्तर मागे बसून निसर्ग बघत होते, या वेळी खराखुरा. मध्येच त्यांना झोपही लागली. गाडी चालू असताना मास्तर झोपले, ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

सोमवारी कचेरीच्या आवारात परीक्षक साहेबांनी बाईंना पाहिलं आणि मोटरसायकल दोन इमारतींच्या पलीकडे नेऊन लावली. वाफ्यापुढे माळ्याने बाक आणून ठेवला. नणंदबाई कबूल केल्याप्रमाणे लांब उभ्या होत्या, पण बघण्यापेक्षा त्यांचे ओठच जास्त हलत होते, आणि हातातली पिशवी त्यांनी छातीशी आवळून धरली होती. मास्तर त्यांच्या शेजारी.

गाडी फिरली, वळली, उताराला लागली. साहेबांनी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली. आणि गाडी थांबली. रेषेच्या अलीकडे, अगदी सहज, पाहुण्याला दारात उभं करावं तशी.

साहेबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. "ब्रेक कसा वाटला आज?" त्यांनी जपून विचारलं.

"घट्ट आहे," बाई म्हणाल्या. "पण चांगला आहे, साहेब. तुमच्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा."

नणंदबाईंनी तिथल्या तिथे हंबरडा फोडला. लोकांना वाटलं बाई पुन्हा नापास झाल्या. "काही तरी पाडायला हवं होतंस गं," त्या वहिनीला कवटाळून रडत म्हणाल्या, "माझा तर जीवच थाऱ्यावर राहिला नाही!"

पुढच्याच आठवड्यात मोठ्या ग्रंथपालबाईंनी निळ्या गाडीची किल्ली मास्तरीणबाईंच्या हातावर ठेवली. पहिल्या फेरीच्या सकाळी बाई गाडीत चढून बसल्या, आरसा नीट केला आणि पाहतात तो मास्तर फाटकापाशी उभे. नवे बूट, विंचरलेले केस, हातात पाण्याची बाटली.

"आज शिकवणी नाही का?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"सुट्टी घेतलीय," मास्तर इकडे तिकडे बघत म्हणाले. "म्हटलं, पहिलाच दिवस, रस्ते खेड्यातले. सोबत म्हणून आलो असतो. तुझ्या शेजारची सीट रिकामीच दिसतेय."

"तिच्यावर शब्दकोश बसलेत."

"मी मांडीवर घेतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतकं पाहिलं की मास्तरांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"मागे बालकथांच्या कपाटापाशी एक स्टूल आहे," बाई म्हणाल्या. "या. आणि कुणाच्या दारात थांबले की पुस्तकं तुम्ही उतरवायची."

मास्तर धावत मागच्या दाराकडे गेले.